धुळीचे मूळ गाव : ध्रुवीय बर्फातील धूलिकणांचा उगमशोध आणि महाड-पोलादपूरच्या खडकाची साक्ष

प्रस्तावना

ग्रीनलंड आणि अंटार्क्टिका येथील हिमस्तर हे पृथ्वीच्या हवामानाचे दफ्तर मानले जाते. दरवर्षी पडणारे हिम मागील वर्षीच्या हिमावर साचते, दबते, त्याचे बर्फ होते आणि त्या बर्फात त्या काळची हवा, राख व धूळ अडकून राहते. हा बर्फ वेधून काढलेले लांब दंडगोल, म्हणजे हिमगाभे, गेल्या अर्धशतकात शास्त्रज्ञांच्या अभ्यासाचे एक प्रमुख साधन ठरले आहेत. त्यातील हवेच्या बुडबुड्यांविषयी मराठीतही बरेच लिहिले गेले आहे. त्यामानाने त्याच बर्फातील धुळीकडे लक्ष कमी गेले. वास्तविक, ही धूळ कोठून आली हे कळले तर त्या काळी वारे कोणत्या दिशेने वाहत होते, कोणते प्रदेश कोरडे पडले होते आणि समुद्राला लोहासारखी पोषकद्रव्ये कोठून मिळत होती, या सर्व प्रश्नांची उत्तरे मिळू शकतात.

धुळीचा उगम शोधण्याची पद्धत प्रयोगशाळेतील मोजमापावर आधारलेली असल्याने तिचा निष्कर्ष वादातीत असावा, असा सर्वसाधारण समज असतो. प्रस्तुत लेखात या समजाची चिकित्सा केली आहे. त्यासाठी ग्रीनलंड व अंटार्क्टिका येथील संशोधनाबरोबर रायगड जिल्ह्यातील महाड व पोलादपूर या तालुक्यांच्या परिसरातील खडकांचा अभ्यासही विचारात घेतला आहे. ही जोड वरवर विजोड वाटेल. परंतु धुळीचे मूळ गाव शोधण्यासाठी जी समस्थानिकांची कसोटी वापरली जाते, त्याच कसोटीवर सह्याद्रीतील लाव्ह्याच्या थरांची विभागणी झालेली आहे. त्यांतील एका विभागाला जगभरच्या भूशास्त्रात ‘पोलादपूर शैलसमूह’ आणि दुसऱ्याला ‘आंबेनळी शैलसमूह’ असे म्हटले जाते. या कसोटीचे बळ व तिच्या मर्यादा दोन्ही समजून घेण्यास पोलादपूरचा घाट हे उत्तम उदाहरण आहे.

पुराव्याचे स्वरूप

ध्रुवीय बर्फाच्या अंतर्भागात पोहोचणारी धूळ अत्यंत बारीक असते. तिच्या कणांचा व्यास साधारणतः एक ते दोन मायक्रोमीटर, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाच्या आसपास असतो. जड व भरड कण वाटेतच खाली बसतात. हजारो किलोमीटरचा प्रवास हलक्या कणांनाच शक्य होतो. धुळीचे प्रमाणही नगण्य असते. पूर्व अंटार्क्टिकाच्या पठारावर गेल्या दहा-अकरा हजार वर्षांतील एक किलो बर्फात सुमारे १५ मायक्रोग्रॅम धूळ सापडते. सुमारे २० हजार वर्षांपूर्वी, शेवटचे हिमयुग ऐन भरात असताना, हेच प्रमाण ७०० ते ८०० मायक्रोग्रॅमपर्यंत गेलेले होते. हिमयुगात जग अधिक कोरडे, अधिक वादळी आणि अधिक धुळकट होते, हा निष्कर्ष या आकड्यांवरून सहज निघतो. मात्र ही धूळ कोणत्या भूमीची, हे प्रमाणावरून कळत नाही. त्यासाठी धुळीच्या घटनेकडे वळावे लागते.

येथे स्ट्रॉन्शियम व निओडायमियम ही दोन मूलद्रव्ये उपयोगी पडतात. रुबिडियमचे एक समस्थानिक सुमारे ४९ अब्ज वर्षांच्या अर्धायुष्याने स्ट्रॉन्शियम-८७ मध्ये रूपांतरित होते. समॅरियमचे एक समस्थानिक सुमारे १०६ अब्ज वर्षांच्या अर्धायुष्याने निओडायमियम-१४३ मध्ये रूपांतरित होते. खडक जितका जुना आणि त्यात मूळ रुबिडियम जितके अधिक, तितके त्यातील स्ट्रॉन्शियम-८७ व स्ट्रॉन्शियम-८६ यांचे गुणोत्तर चढे असते. प्राचीन खंडीय कवचाच्या खडकात हे गुणोत्तर जास्त, तर प्रावरणातून थेट वर आलेल्या तरुण ज्वालामुखी खडकात कमी आढळते. खडक झिजून त्याची धूळ झाली आणि ती वाऱ्याने दूर गेली, तरी निओडायमियमचे गुणोत्तर जवळजवळ तसेच राहते. स्ट्रॉन्शियमचे गुणोत्तर मात्र कणांच्या आकारानुसार व झिजेनुसार काहीसे बदलते. बारीक कणांत ते सहसा वाढलेले दिसते. म्हणून तुलना करताना उगमस्थानच्या मातीतूनही तितकेच बारीक कण वेगळे काढावे लागतात. ही दक्षता न घेता केलेली तुलना फसवी ठरते.

यावरून एक गोष्ट लक्षात येते. बर्फातील धुळीचे मोजमाप ही या पुराव्याची केवळ एक बाजू आहे. दुसरी बाजू आहे ती जगभरच्या संभाव्य उगमप्रदेशांतून गोळा केलेल्या मातीच्या नमुन्यांची. धुळीचा आकडा या नमुन्यांच्या आकड्यांशी ताडून पाहिला जातो. ज्या प्रदेशाचा नमुनाच संग्रहात नाही, तो प्रदेश उत्तरातही येऊ शकत नाही. उगमशोधाच्या चिकित्सेचा आरंभ येथून व्हावयास हवा.

ग्रीनलंड : एका उत्तराची उलटतपासणी

ग्रीनलंडच्या मध्यभागी वेधलेल्या ‘जिस्प-२’ या हिमगाभ्याचे काम १९९३ मध्ये पूर्ण झाले. या ३०५३ मीटर लांब गाभ्यातील सुमारे २३ ते २६ हजार वर्षांपूर्वीच्या बर्फातील धुळीचा अभ्यास पिएर बिस्काये व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी स्ट्रॉन्शियम, निओडायमियम व शिसे यांच्या समस्थानिकांबरोबर चिकणमातीतील खनिजांचे प्रमाणही तपासले. उत्तर अमेरिकेचा मध्यभाग आणि सहारा हे तोवर संभाव्य मानले गेलेले उगम त्यांनी वगळले आणि ही धूळ पूर्व आशियातील वाळवंटांतून आली, असा निष्कर्ष काढला. या शोधनिबंधाची मांडणी आदर्श म्हणावी अशी आहे. एकाच कसोटीवर विसंबून न राहता अनेक स्वतंत्र कसोट्या लावणे आणि प्रथम काय नाही हे ठरवून मग काय असू शकते याकडे येणे, हे तिचे विशेष होत. पुढील जवळजवळ दोन दशके हिमयुगीन ग्रीनलंडच्या धुळीचे मूळ म्हणून गोबी व परिसरातील वाळवंटांचे नाव घेतले जात राहिले.

२०१५ मध्ये गाबोर उइवारी व सहकाऱ्यांनी या प्रश्नाकडे पुन्हा पाहिले. त्यांनी उत्तर गोलार्धातील निरनिराळ्या प्रदेशांतून लोएस, म्हणजे वाऱ्याने आणून टाकलेल्या मातीचे नमुने घेतले आणि त्यांतील दहा मायक्रोमीटरहून बारीक कण तपासले. तेव्हा असे दिसून आले की चिकणमातीची खनिजे आणि स्ट्रॉन्शियम-निओडायमियम यांच्या आधारे पूर्व आशिया व मध्य युरोप यांत निवड करताच येत नाही. दोन्ही प्रदेश ग्रीनलंडच्या धुळीशी सारखेच जुळतात. भेद करायचा तर हाफ्नियमसारख्या आणखी एखाद्या मूलद्रव्याची कसोटी लागेल, असे त्यांनी सुचविले.

या दोन निबंधांच्या तुलनेत एक बारकावा आहे. १९९७ च्या अभ्यासातील नकार टिकून राहिले. त्यांना २०१५ च्या अभ्यासाने धक्का लावला नाही. डळमळीत झाला तो होकार. ‘ही धूळ सहाऱ्याची नव्हे’ हे विधान दोन आकडे जुळत नाहीत एवढ्यावर उभे असते. ‘ही धूळ पूर्व आशियाची आहे’ या विधानात मात्र ‘आणि तशीच माती अन्यत्र कोठेही नाही’ हे एक न उच्चारलेले विधान दडलेले असते. ते सिद्ध करण्यासाठी अवघ्या गोलार्धाची माती तपासावी लागेल. म्हणजे मोजमाप जितके अचूक तितका नकार भक्कम होतो. होकाराचे बळ नमुन्यांच्या संग्रहाच्या व्याप्तीवर ठरते.

अंटार्क्टिका : एका उगमाकडून अनेक उगमांकडे

अंटार्क्टिकाच्या बाबतीत हीच प्रक्रिया वेगळ्या वळणाने घडली. १९९२ मध्ये फ्रान्सिस ग्रूसे व सहकाऱ्यांनी ‘डोम-सी’ येथील हिमयुगीन धुळीचा संबंध दक्षिण अमेरिकेतील पॅटागोनियाशी जोडला. १९९७ मध्ये इझाबेल बाझिल व सहकाऱ्यांनी ‘व्होस्तोक’ आणि ‘डोम-सी’ या दोन ठिकाणच्या, एकाहून अधिक हिमयुगांतील धुळीवरून हाच निष्कर्ष दृढ केला. पॅटागोनियाची माती मोठ्या अंशी तरुण ज्वालामुखी खडकांपासून बनलेली असल्याने तिचे निओडायमियमचे मूल्य दक्षिण आफ्रिका किंवा अंटार्क्टिकाच्या प्राचीन खडकांपासून स्पष्टपणे वेगळे पडते. त्यामुळे हे उत्तर ग्रीनलंडपेक्षा भक्कम पायावर उभे होते आणि हिमयुगांपुरते ते आजही मोठ्या प्रमाणात मान्य आहे.

तरीही नमुन्यांचा संग्रह जसजसा वाढला तसतसे चित्र गुंतागुंतीचे झाले. २००६ मध्ये रेव्हेल-रोलां व सहकाऱ्यांनी पूर्व ऑस्ट्रेलियातील धूळ तपासून उष्ण आंतरहिमयुगांत तोही एक संभाव्य उगम असल्याचे दाखविले. २००७ मध्ये दिएगो गाएरो यांनी दक्षिण अमेरिकेतीलच पूना-अल्तिप्लानो या उंच पठाराकडे लक्ष वेधले. हिमस्तराच्या कडेला तर आणखी एक अडचण असते. तेथे बर्फातून डोके वर काढलेल्या स्थानिक खडकांची धूळ दूरदेशीच्या धुळीत मिसळते.

हा शेवटचा मुद्दा भारतीय संशोधनाला जवळचा आहे. भारताची पहिली अंटार्क्टिका मोहीम डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहून निघाली. १९८९ मध्ये स्थापन झालेले ‘मैत्री’ हे केंद्र शिरमाखर टेकड्यांच्या बर्फमुक्त पट्ट्यात आहे. १९९८ मध्ये गोव्यात वास्को येथे स्थापन झालेली आणि २०१८ पासून राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र या नावाने ओळखली जाणारी संस्था अंटार्क्टिकाच्या किनारी भागातून आणलेल्या हिमगाभ्यांतील धूळ व रसायने यांचा अभ्यास करीत आली आहे. किनाऱ्याजवळच्या अशा गाभ्यात जवळची धूळ कोणती व दूरची कोणती, हा प्रश्न प्रथम सोडवावा लागतो. महाडपासून कोकणच्या वाटेने एका दिवसात पोहोचता येईल अशा ठिकाणी हे काम चालते, याची नोंद येथील अध्यापकवर्गाने घेण्यासारखी आहे.

उगम एक की अनेक, यावर बरेच काही अवलंबून असते. १९९० मध्ये जॉन मार्टिन यांनी असा विचार मांडला की हिमयुगात दक्षिण महासागरावर पडलेल्या धुळीतील लोहामुळे तेथील सूक्ष्म वनस्पती फोफावल्या आणि त्यांनी हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून घेतला. धूळ कोठून, किती व कोणत्या खनिजांची आली, यावर या विचाराची परीक्षा होते. म्हणून उगमाविषयीचा घाईचा होकार भूतकाळाच्या वर्णनापुरता मर्यादित राहत नाही. पुढच्या गणितातही तो शिरतो.

पोलादपूरचा घाट : कसोटी कशी घडली

महाडहून पोलादपूरमार्गे आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला जाताना सुमारे १२०० मीटर जाडीचे बेसॉल्टचे थर ओलांडले जातात. हे सर्व थर सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे आहेत. डोळ्यांना ते बहुतांशी सारखेच दिसतात. काळा कातळ, त्यावर सच्छिद्र मुरमाड थर, मधूनच एखादा तांबडा पट्टा, पुन्हा काळा कातळ, अशी ही रचना रायगडाच्या कड्यापासून प्रतापगडापर्यंत सर्वत्र आढळते. केवळ दिसण्यावरून थरांची ओळख पटत नसल्याने रासायनिक कसोटीची गरज निर्माण झाली.

१९८१ मध्ये नजाफी, कॉक्स व सुखेश्वाला यांनी महाड-महाबळेश्वर छेदातील लाव्हाथरांचे भूशास्त्र व भूरसायन यांवर निबंध प्रसिद्ध केला. यांपैकी आर. एन. सुखेश्वाला हे मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात भूशास्त्राचे प्राध्यापक होते, ही गोष्ट मुद्दाम नमूद करावी लागते. पुढे १९८४ व १९८५ मध्ये कीथ कॉक्स व ख्रिस हॉक्सवर्थ यांनी महाबळेश्वर परिसरातील थरांची पोलादपूर, आंबेनळी व महाबळेश्वर अशी विभागणी समस्थानिकांच्या आधारे मांडली. आंबेनळी शैलसमूहात स्ट्रॉन्शियमचे गुणोत्तर ०.७०४ ते ०.७०५ च्या आसपास राहते. पोलादपूर शैलसमूहात ते ०.७०५ च्या वरून निघून ०.७१० पर्यंत व काही थरांत त्याच्याही पुढे जाते. हा फरक दिसायला अल्प असला तरी मोजमापाच्या अचूकतेपेक्षा कितीतरी मोठा आहे. त्याचा अर्थ असा लावला गेला की आंबेनळीचा लाव्हा प्रावरणातून फारशी भेसळ न होता वर आला, तर पोलादपूरच्या लाव्ह्यात वाटेतील प्राचीन कवचाचा अंश मिसळला.

या कसोटीचे सर्वांत मोठे यश आंध्र प्रदेशात दिसते. गोदावरीच्या काठी राजमहेंद्रीजवळ बेसॉल्टचे काही थर आहेत. पोलादपूरपासून ते सरळ रेषेत सुमारे ९०० किलोमीटर दूर असून मधल्या शेकडो किलोमीटरच्या पट्ट्यात लाव्हा आढळत नाही. २००१ मध्ये अजय बक्षी यांनी आणि २००८ मध्ये स्टीफन सेल्फ व सहकाऱ्यांनी या थरांची तुलना सह्याद्रीशी केली. खालचा थर आंबेनळीशी व वरचा महाबळेश्वरशी जुळत असल्याचे दिसले. समस्थानिकांबरोबर इतर मूलद्रव्ये, थरांचा क्रम, वय व चुंबकीय दिशा हे पुरावेही त्याच बाजूने असल्याने हे पृथ्वीवरील सर्वांत लांब लाव्हाप्रवाहांपैकी असावेत, असा निष्कर्ष पुढे आला.

याच कसोटीने दुसऱ्या ठिकाणी सावधगिरीचा धडाही दिला. १९९८ मध्ये पेंग, मॅहोनी व सहकाऱ्यांनी दख्खनच्या ईशान्य भागातील बेसॉल्टचा अभ्यास केला. तेथील कित्येक थर मूलद्रव्यांच्या प्रमाणात आणि स्ट्रॉन्शियम-निओडायमियममध्ये पोलादपूर व आंबेनळी यांच्याशी मिळतेजुळते निघाले. तेथेच थांबले असते तर ते सह्याद्रीतूनच वाहत गेलेले थर, असे म्हणून प्रकरण मिटले असते. परंतु शिशाच्या समस्थानिकांनी दोहोंत फरक दाखविला. ग्रीनलंडच्या बाबतीत २०१५ मध्ये जे घडले त्याचेच हे आधीचे रूप होय. दोन कसोट्या ‘एकच’ म्हणतात आणि तिसरी ‘निराळे’ म्हणते.

मिश्रणाची अडचणही येथे स्पष्ट होते. सावित्री महाबळेश्वरला उगम पावून पोलादपूर व महाड ओलांडते आणि बाणकोटजवळ समुद्राला मिळते. वाटेत तिला काळ, गांधारी यांसारख्या नद्या मिळतात. खाडीतील गाळाच्या एका मुठीत तिन्ही शैलसमूहांची व माथ्यावरच्या जांभ्याची माती एकत्र असते. तिचे गुणोत्तर काढले तर ते त्यांपैकी कोणाही एकाचे नसते; ती सर्वांची सरासरी असते. आंबेनळीच्या मातीत अन्य एखाद्या प्राचीन खडकाची थोडी माती मिसळली तर आकडा पोलादपूरसारखा येऊ शकतो. पोलादपूरचा लाव्हाच मुळात अशा मिश्रणातून बनल्याचे मानले जात असल्याने यात नवल नाही. ध्रुवावर पोहोचलेली धूळही बहुधा अनेक प्रदेशांचे मिश्रण असते. मिश्रणाच्या आकड्याला एकच गाव शोधून देणे ही उगमशोधातील सर्वांत सुलभ चूक होय.

तांबडे थर : खडकात अडकलेली धूळ

ध्रुवीय बर्फाशी अधिक थेट साम्य असलेली गोष्ट या घाटांत आहे. दोन लाव्हाथरांच्या मध्ये आढळणारे तांबडे, मातकट पट्टे म्हणजे एक थर थंड झाल्यानंतर आणि दुसरा येण्यापूर्वीच्या उसंतीच्या खुणा होत. ते खालच्या बेसॉल्टच्या झिजेतून झाले की ज्वालामुखीच्या राखेतून, याविषयी मतभेद आहेत. २००६ मध्ये पुण्याच्या पूना कॉलेजमधील एम. आर. जी. सय्यद यांनी एस. एम. हुंडेकरी यांच्यासह पुणे परिसरातील अशा थरांची आजच्या मातीशी तुलना करून त्यांच्यावरून तत्कालीन हवामानाचा वेध घेता येईल का, हे तपासले.

या थरांना जागतिक महत्त्व आले ते ब्लेअर शोएन व सहकाऱ्यांच्या २०१५ व २०१९ च्या निबंधांमुळे. बेसॉल्टमध्ये झिरकॉन हे खनिज सहसा मिळत नाही. तांबड्या थरांत मात्र त्याचे सूक्ष्म स्फटिक सापडले. ज्या अर्थी ते खालच्या खडकाचे नव्हेत, त्या अर्थी ते बाहेरून, हवेतून पडलेल्या राखेबरोबर आले असावेत, असा तर्क करून युरेनियम व शिसे यांच्या साहाय्याने त्यांचे वय काढण्यात आले. येथेही प्रथम नकार आणि मग होकार हाच क्रम दिसतो. झिरकॉन जड असल्याने दूरच्या प्रवासात टिकत नाही. ध्रुवीय धुळीत तो जवळपास नसतोच. त्यामुळे त्याचे असणे वा नसणे हीदेखील प्रवासाच्या अंतराविषयीची साक्ष ठरते.

२०१९ मध्ये एकाच वेळी दोन निबंध प्रसिद्ध झाले. शोएन यांच्या वाचनानुसार लाव्हा चार मोठ्या आवेगांत आला आणि त्यांपैकी पोलादपूरचा आवेग डायनोसॉरच्या विनाशाशी जोडल्या जाणाऱ्या उल्कापाताच्या काही दशसहस्र वर्षे आधी सुरू झाला. कोर्टनी स्प्रेन व सहकाऱ्यांनी आर्गॉनच्या पद्धतीने काढलेल्या वयांनुसार ती कालसीमा लाव्ह्याच्या याहून खालच्या थरांत पडते आणि एकूण लाव्ह्यापैकी सुमारे तीन चतुर्थांश भाग उल्कापातानंतरचा ठरतो. पृथ्वीच्या इतिहासातील एका महासंहाराचे कारण ठरविताना पोलादपूरच्या घाटातील मूठभर तांबडी माती निर्णायक मानली जाते, आणि त्या मातीतील कण नेमके कोठून आले या प्रश्नावर तिच्या साक्षीचे वजन अवलंबून राहते.

‘ठसा’ या रूपकाची चिकित्सा

समस्थानिकांच्या या पद्धतीचे वर्णन करताना ‘बोटांचा ठसा’ हे रूपक वारंवार योजले जाते. हे रूपक समजण्यास सोपे असले तरी चुकीची अपेक्षा निर्माण करते. बोटाचा ठसा एका माणसाचा, एकट्याचा असतो; तो जुळला की शोध संपतो. समस्थानिकांचे गुणोत्तर एकाच प्रदेशाचे असेल अशी हमी नसते. ते मिश्रणाने बदलते आणि कणांच्या आकारानुसार सरकते.

मराठी समाजातील आडनाव हे या पद्धतीला अधिक जवळचे रूपक ठरावे. ‘महाडकर’ किंवा ‘पोलादपूरकर’ या आडनावावरून घराण्याच्या मूळ गावाचा अंदाज बांधता येतो. तथापि त्या आडनावाचा माणूस आज कोठे राहतो, तो कोणत्या वाटेने तेथे गेला, किंवा त्या आडनावाची सर्व घराणी एकाच कुळातली आहेत का, हे त्यावरून सांगता येत नाही. एकाच नावाची गावेही महाराष्ट्रात अनेक आहेत. आडनाव ही चौकशीची सुरुवात असते. गोत्र, कुलदैवत, वतनाचे कागद यांची जोड मिळाल्यावरच ओळख पक्की होते. राजमहेंद्रीच्या थरांची ओळख पटली ती अशा अनेक कागदांचा मेळ बसल्यामुळे. ग्रीनलंडची ओळख अपुरी राहिली, कारण दोन गावांची कागदपत्रे सारखीच निघाली. वर्गात ही पद्धत शिकविताना ‘ठसा’ म्हणण्याऐवजी ‘साक्ष’ म्हटले तर विद्यार्थ्याला साक्षीदार तपासण्याची सवय लागेल.

संग्रहाचा प्रश्न आणि महाविद्यालये

वरील विवेचनावरून उगमशोधाचा भार उगमस्थानच्या नमुन्यांवर किती आहे, हे दिसून येते. बर्फ वेधणाऱ्या मोहिमांना मोठा निधी व प्रसिद्धी मिळते. उगमस्थानची माती व खडक गोळा करून, स्थान, उंची व थराचा क्रम यांची नोंद ठेवून ते जपणे हे काम मात्र दुय्यम समजले जाते. ज्ञानाच्या दृष्टीने ही वाटणी उफराटी आहे. पोलादपूर व आंबेनळी ही जागतिक संदर्भस्थाने आहेत. राजमहेंद्रीचा वा ईशान्य दख्खनचा खडक ज्या मापाशी ताडला जातो ते माप या घाटात आहे.

हे माप कायम उघडे राहील असे नाही. जुलै २००५ मधील अतिवृष्टीत महाड तालुक्यातील दासगाव, जुई, रोहन, कोंडिवते व पोलादपूर तालुक्यातील कोंढवी येथे दरडी कोसळल्या. २२ जुलै २०२१ रोजी तळिये येथे दरडीखाली ८० हून अधिक माणसे दगावली. त्याच पावसात आंबेनळी घाटाचा रस्ताही जागोजागी खचला. येथील समाजाला डोंगराची ही तांबडी, झिजलेली माती प्रथम आठवते ती या दुःखातून. अशा घटनांनंतर उतार कापणे, संरक्षक भिंती बांधणे, जाळ्या लावणे हे आवश्यकच असते आणि माणसांच्या सुरक्षिततेपुढे अन्य विचार गौण आहेत. परंतु प्रत्येक कापणीत काही जुने छेद झाकले जातात व काही नवे उघडे पडतात. ते उघडे असतानाच त्यांचे छायाचित्रण, मोजणी व नमुने घेणे जमू शकते. उताराची माती किती जाड व किती झिजलेली आहे, ही नोंद दरडींच्या अभ्यासालाही तितकीच उपयोगी पडेल.

समस्थानिके मोजण्याचे यंत्र ग्रामीण महाविद्यालयात नसते आणि असण्याची अपेक्षाही नाही. पण सुखेश्वाला व सय्यद यांची उदाहरणे पाहता या क्षेत्रात महाविद्यालयीन अध्यापकांचे योगदान अपवादात्मक म्हणता येत नाही. भूगोल, रसायनशास्त्र व वनस्पतिशास्त्र या विभागांनी एकत्र येऊन घाटातील थरांची क्रमवार नोंद, सावित्रीच्या गाळाचे पावसाळ्यापूर्वीचे व नंतरचे नमुने आणि त्यांची सूची तयार केली, तर तो बाहेरच्या प्रयोगशाळांना उपयोगी पडणारा संग्रह होईल. खरा बहुविद्याशाखीय अभ्यास अशा कामातून उभा राहतो.

निष्कर्ष

१. समस्थानिकांची कसोटी एखादा उगम नाकारण्यास समर्थ आहे. एखादा उगम निश्चित करण्यास ती एकटी पुरेशी नाही. ग्रीनलंडसंबंधी १९९७ व २०१५ चे अभ्यास आणि ईशान्य दख्खनसंबंधी १९९८ चा अभ्यास यांवरून हे दिसते.

२. उगमाविषयीच्या होकाराचे बळ नमुन्यांच्या संग्रहाची व्याप्ती आणि परस्परांपासून स्वतंत्र अशा पुराव्यांची संख्या यांवर अवलंबून असते. राजमहेंद्री हे त्याचे यशस्वी उदाहरण होय.

३. वाऱ्याने वा पाण्याने आलेली माती बहुधा मिश्रण असते. तिला एकच मूळ गाव देण्यापूर्वी मिश्रणाची शक्यता तपासणे अनिवार्य आहे.

४. ‘बोटांचा ठसा’ हे रूपक या पद्धतीला लागू पडत नाही. अध्यापनात व लेखनात ते टाळणे इष्ट ठरेल.

५. महाड-पोलादपूर परिसर हा या कसोटीच्या संदर्भस्थानांपैकी एक आहे. त्याच्या थरांची नोंद व नमुन्यांचे जतन ही स्थानिक महाविद्यालयांच्या आवाक्यातील आणि जागतिक उपयोगाची कामगिरी आहे.

ध्रुवावरील धुळीचे मूळ गाव शोधणाऱ्यांना अखेर कोणत्या ना कोणत्या गावात येऊन तेथील माती उचलावी लागते. त्या गावाकडे त्या मातीची नीट ठेवलेली नोंद असेल, तर दूरच्या बर्फातील प्रश्नाचे उत्तर तितके अधिक विश्वसनीय होईल.